टरफलं उचलावीत, पण कुणासाठी?

अंडाभुर्जीच्या गाडीखाली रात्री दहाच्या सुमारास टरफलांनी भरलेली एक बादली असतेच. दिवसभरात २०० अंडी फुटली असतील, तर त्या बादलीत किलोभर टरफल जमतं आणि त्यात जवळपास ४०० ग्रॅम कॅल्शियम असतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या हिशेबात सांगायचं, तर या ८०० गोळ्या झाल्या. बादली मात्र कचऱ्याच्या गाडीत रिकामी होते. कधीमधी एखादा पक्षी पाळणारा पिशवी घेऊन येतो आणि मूठ-दोन मूठ टरफलं घेऊन जातो. घरच्या बजींना, कॉकॅटिएलना किंवा परसातल्या कोंबड्यांना ती कुटून घालायची असतात.

त्याचं हे करणं बरोबर की चूक, यावर पक्षी पाळणाऱ्यांत एकमत नाही. कुणी म्हणतो, टरफलासारखं दुसरं टॉनिक नाही. कुणी म्हणतो, कोंबडीला टरफल दाखवलं की ती स्वतःचीच अंडी फोडून खायला शिकते. तिसरा जंतूंना घाबरतो, चौथा दुकानातली महागडी बाटलीच खरी मानतो. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. ते निवडून काढायचं, तर आधी टरफल म्हणजे काय ते पाहायला हवं.

कोंबडीच्या अंड्याचं टरफल साधारण साडेपाच-सहा ग्रॅम भरतं. त्यातला ९५ टक्क्यांच्या आसपास भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. खडूच्या खाणीतली माती, चुनखडीचा दगड आणि संगमरवर यांच्या कुळातलाच हा पदार्थ. बाकी थोडं मॅग्नेशियम, किंचित फॉस्फरस आणि या सगळ्याला धरून ठेवणारं प्रथिनांचं जाळं. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. हे दोन ग्रॅम कोंबडी जवळजवळ २० तासांत गर्भाशयातल्या अंड्यावर चढवते आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीचा, म्हणजे तिच्या पोटात नवं अन्न जात नसतानाचा असतो. कोंबडीच्या अख्ख्या अंगात कॅल्शियम असतं साधारण २० ग्रॅम. म्हणजे एका अंड्यापायी ती आपल्या साठ्याचा दहावा हिस्सा देऊन टाकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करते.

हा व्यवहार पेलण्यासाठी माद्यांच्या शरीरात एक खास सोय असते. अंडी घालायचे दिवस जवळ आले की संप्रेरकांच्या इशाऱ्यावर लांब हाडांच्या पोकळीत एक तात्पुरतं, भुसभुशीत हाड तयार होतं. दिवसा त्यात भर घालायची आणि रात्री त्यातून काढायचं, असं हे चालू खातं. नरांमध्ये ते नसतं. ही सोय फार जुनी आहे. मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात अशाच ऊतीच्या खुणा दिसल्या आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. तो डायनोसॉर मादी असावा, या अंदाजाला तोच आधार होता.

चालू खात्यात भर पडली नाही, तर हाडांची मुद्दल खर्च होते. पिंजऱ्यात कोंडलेल्या, रोज अंडं देणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि बरगड्या सहज मोडतात, त्याचं हे एक मोठं कारण.

रानातले पक्षी हा प्रश्न स्वतःच सोडवतात, आणि तो सुटला नाही तर काय होतं याची उदाहरणंही रानातच मिळतात. नेदरलँड्समधल्या वाळूमिश्रित जमिनीवरच्या जंगलांत १९८०च्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. आपल्याकडच्या राखी वल्गुलीची युरोपीय बहीण असलेली ग्रेट टिट पातळ, भेगाळलेली, कधी बिनकवचाचीच अंडी घालत होती. याप ग्राव्हेलांड आणि सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला आणि १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध झाला. आम्लपावसानं जमिनीतलं कॅल्शियम धुवून गेलं होतं, त्यामुळे गोगलगायी कमी झाल्या होत्या, आणि गोगलगायींचे शंख हाच या चिमुकल्या पक्ष्यांचा कॅल्शियमचा मुख्य आधार होता. पक्ष्यांना शंखांचे आणि कोंबडीच्या टरफलांचे तुकडे पुरवल्यावर अंडी सुधारली. ग्राव्हेलांड यांनाच पुढे दिसलं की अशा निकस जंगलांतही काही माद्या नीट अंडी घालतात. सहलीला येणाऱ्या माणसांनी टाकलेली उकडलेल्या अंड्यांची टरफलं त्या वेचत होत्या.

अमेरिकेच्या ईशान्य भागात निळ्या ‘जे’ पक्ष्यांनी घरांचा रंग खरवडून खायला सुरुवात केली, तेव्हा घरमालक वैतागले. रंगात भर म्हणून चुनखडीची पूड घालतात आणि पक्ष्यांना तीच हवी असते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेनं यावर सुचवलेला उपाय साधा होता: अंगणात अंड्यांची टरफलं भाजून ठेवा. घरातला बजी भिंतीचा चुना टोकरत बसत असेल, तर तो खोडकर आहे असं ठरवण्याआधी ही हकिगत आठवावी.

तिसरं उदाहरण गिधाडांचं. दक्षिण आफ्रिकेत १९७०च्या दशकात पीटर मंडी आणि जॉन लेजर यांना केप गिधाडांच्या पिल्लांची पंखांची हाडं वाकडी, मोडलेली आढळली. गुरांच्या कुरणांसाठी तिथले तरस संपवण्यात आले होते. तरसांनी फोडलेल्या हाडांचे तुकडे गिधाडं पिल्लांना भरवत. ते मिळेनासे झाल्यावर आईबाप काचेचे, चिनी मातीचे तुकडे घरट्यात आणू लागले. माणसांनी हाडं फोडून ठेवायला सुरुवात केली आणि पिल्लं सुधारली.

तेव्हा कॅल्शियमची गरज पक्ष्याला जाणवते आणि तो ती शोधतो. मात्र पक्षी जे काही चाटतो ते कॅल्शियमच असतं, असं मानायचं कारण नाही. पेरूच्या जंगलात मकाव पोपट शेकड्यांनी नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर जमतात. डोनाल्ड ब्राइटस्मिथ यांच्या तिथल्या अभ्यासांनी बोट दाखवलं ते सोडियमकडे, म्हणजे साध्या मिठाकडे.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शोधायची मुभाच नसते. वाटीत पडेल ते खायचं, आणि वाटीत बहुतेक घरांत पडतं ते एकाच जातीचं धान्य. महाराष्ट्रात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तो पक्षी बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाचा बजरिगार, म्हणजे बजी असतो. त्याचं खाद्य म्हणजे राळे, दुकानदाराच्या भाषेत कंगनी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम राळ्यात ३१ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २९० मिलिग्रॅम फॉस्फरस दिलेला आहे. बाजरीचंही तसंच: ४२ आणि २९६. पक्ष्याला हवं असतं नेमकं उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. फॉस्फरस जास्त झाला की तो आतड्यात कॅल्शियमला अडवून धरतो. मोठ्या पोपटांना आवडणाऱ्या सूर्यफुलाच्या बियांची गतही तीच, वर भरपूर चरबी. धान्यांमध्ये नाचणी एकटी वेगळी आहे: १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण खरा खजिना भाजीच्या जुडीत असतो. त्याच तक्त्यांत मेथीच्या पानांत ३९५ आणि शेवग्याच्या पाल्यात ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि फॉस्फरस त्यामानानं अगदी थोडा. पालक मात्र या कामाचा नाही. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं.

आता ऊन. आतड्यातून कॅल्शियम रक्तात शिरायला ड जीवनसत्त्व लागतं, तेही डी-३ याच रूपात. वनस्पतींमधून मिळणारं डी-२ पक्ष्यांना फारसं उपयोगी पडत नाही. डी-३ तयार होतं ते त्वचेवर पडणाऱ्या अतिनील किरणांमुळे, आणि खिडकीची काच हे किरण अडवते. बंद काचेआड ‘उन्हात’ ठेवलेल्या पिंजऱ्यात उजेड येतो, ऊब येते, डी-३ येत नाही. ब्रिटनमधले पशुवैद्य मायकेल स्टॅनफर्ड यांनी २००६ मध्ये करड्या आफ्रिकन पोपटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिंजऱ्यावर अतिनील दिवे लावल्यावर त्या पोपटांच्या रक्तातलं वापरण्याजोगं कॅल्शियम वाढलं. दक्षिण अमेरिकेतल्या पायोनस पोपटांत तसा फरक दिसला नाही. करड्या पोपटाला कॅल्शियम कमी पडलं की झटके येतात, तो दांडीवरून खाली कोसळतो, हे पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचं दुखणं आहे. अशा पोपटापुढे टरफलांची वाटी भरून ठेवली तरी ऊन किंवा डी-३ मिळाल्याशिवाय त्यातलं थोडंच अंगी लागतं.

टरफलाच्या बाजूनं आणि विरुद्ध बोलणारे दोघेही इथेच चुकतात. टरफलात माल मुबलक असतो. तो हाडापर्यंत पोचवणारी यंत्रणा टरफलात नसते.

मग टरफल कुणाला द्यावं? पहिला हक्क अंड्यावरच्या मादीचा. परसातली गावरान कोंबडी किडे, पाला, माती उकरून बरंच काही मिळवते, पण तिची अंडी पातळ कवचाची येऊ लागली की टरफल उपयोगी पडतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. नुसत्या घरच्या धान्यावर ठेवलेल्या कोंबडीला ती तूट बाहेरूनच भरून काढावी लागते. बजी, कॉकॅटिएल, खरे लव्हबर्ड, फिंच यांच्या माद्याही याच रांगेत येतात. बजीची मादी जेमतेम ३५ ग्रॅमची असते आणि एक दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी घालते. कॅनरी पाळणारे तर अंडं उकडून टरफलासकट कुस्करून देतात. वीण सुरू होण्याआधीपासून चालणारा हा जुना रिवाज आहे. कबुतरांना खडे आणि शिंपल्यांचा चुरा यांच्या मिश्रणात टरफल चालतं, कारण कबूतर दाणे सोलत नाही, अख्खे गिळतं.

नराला, अंडी न घालणाऱ्या मादीला आणि चांगलं गोळीखाद्य खाणाऱ्या पोपटाला वेगळ्या टरफलाची गरज सहसा पडत नाही. गोळीखाद्यात कॅल्शियम आणि डी-३ आधीच मोजून घातलेलं असतं. वाढत्या पिल्लांच्या बाबतीत तर हात आखडताच ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तलंगांना चारलं तर जास्तीच्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात आणि आतल्या अवयवांवर युरेटचा पांढरा थर बसतो. कुक्कुटपालक त्याला गाऊट म्हणतात. बजी-कॉकॅटिएलसारख्या लहान पोपटांची गरज कोंबडीच्या मानानं कितीतरी कमी असते. कोंबडीखाद्याच्या पिशवीवरचा आकडा त्यांना लावणं धोक्याचं.

म्हणूनच टरफल दाण्यात मिसळून देऊ नये, हा जाणत्या पाळकांचा नियम शास्त्रालाही धरून आहे. कोंबड्यांना कॅल्शियमची वेगळी भूक असते आणि कवच चढू लागायच्या सुमारास, संध्याकाळकडे, ती वाढते, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. वेगळी वाटी ठेवली तर मादी हवं तेवढं उचलते आणि नर ढुंकूनही पाहत नाही. मिसळून दिलं की दोघांनाही सक्ती होते.

तयारीची रीत सोपी आहे, फक्त तिच्यातला क्रम चुकवू नये. कच्च्या टरफलावर साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि टरफलाला चिकटून राहिलेला पांढरा बलक हे त्यांचं आयतं खाद्य. आधी टरफलं धुवून दहा मिनिटं खळखळ उकळावीत, मग उन्हात किंवा मंद आचेवर पार कोरडी करावीत. नुसतं भाजून भागवण्यापेक्षा उकळणं खात्रीचं, कारण कोरड्या उष्णतेत साल्मोनेला जास्त तग धरतो. उष्णतेनं कॅल्शियम ‘जळून जातं’ ही भीती निराधार आहे. कॅल्शियम कार्बोनेटचं विघटन होऊन त्याची चुनकळी व्हायला चुन्याच्या भट्टीइतकी, म्हणजे ८०० अंशांच्या वरची उष्णता लागते. घरच्या ओव्हनची मजल त्याच्या पासंगालाही पुरत नाही. उकडलेल्या अंड्यांची टरफलं असतील तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. रंगवलेली टरफलं मात्र बाजूला काढावीत.

महाराष्ट्राला या सावधगिरीचं वेगळंही कारण आहे. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला. हा विषाणू उकळत्या पाण्यात टिकत नाही. पण बाहेरून आणलेली कच्ची, ओली टरफलं पक्ष्यांच्या पिंजऱ्याशेजारी पिशवीत लटकवून ठेवणं हा नसता धोका आहे. भुर्जीच्या गाडीवरून टरफलं आणायची असतील, तर ती थेट पातेल्यात गेली पाहिजेत.

तुकड्यांचा आकार कोण खाणार त्यावर ठरवावा. कोंबडीसाठी टरफल पीठ करू नये. जाडसर, डाळीएवढे तुकडे बरे. ते गिझार्डमध्ये, म्हणजे खडे धरून दाणे भरडणाऱ्या पोटात, जास्त वेळ टिकतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, नेमके कवच चढायच्या वेळी. बजी आणि फिंचसाठी रव्यासारखा चुरा पुरतो. कोंबडी अंडी फोडायला शिकते या भीतीवरही उत्तर हेच: अर्धगोल, अंड्याच्या आकाराची टरफलं तिच्यापुढे टाकू नयेत. ओळखू न येईल इतकी मोडलेली टरफलं खाऊन कोंबडी घरट्यातल्या अंड्याकडे वळत नाही. अंडी खाण्याची खोड बहुधा घरट्यात चुकून फुटलेल्या अंड्यापासून लागते, आणि पातळ कवचाचं अंडं लवकर फुटतं. म्हणजे कॅल्शियम न देणं हेच त्या खोडीला आमंत्रण ठरू शकतं.

टरफलाला पर्याय आहेत आणि ते कोकणाला घरचे आहेत. समुद्रफेस म्हणून जे पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं कवच पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येतं, ते माकुळाच्या जातभाईच्या पाठीतलं. तेही कॅल्शियम कार्बोनेटच, पण मऊ. पिंजऱ्याला अडकवलं की पक्षी चोच घासत खातो. किनाऱ्यावर वेचलं असेल तर मीठ जाईपर्यंत गोड्या पाण्यात भिजवून वाळवावं. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांना उत्तम. जुन्या घरांत पोराबाळांना देत ती चुन्याची निवळी कबुतरांच्या पाण्यात घालणारेही भेटतात. ते टाळावं. निवळी तीव्र अल्कधर्मी असते, आणि पाणी एकच असेल तर पक्ष्याला ती नाकारायची सोय उरत नाही. माणसांच्या पोरांसाठीचं कॅल्शियमचं सिरप थेंबाथेंबानं देणारे ३५ ग्रॅमच्या जिवाचा हिशेब विसरतात. डी-३ जास्त झालं तर तेही विषच. ते डॉक्टरांनी ठरवून द्यावं.

एकटी ठेवलेली कॉकॅटिएलची मादी नर नसतानाही अंडी घालत राहते, तेव्हा टरफल वाढवणं हा अर्धाच उपाय. घरातला दिवा रात्री बारापर्यंत तिच्या पिंजऱ्यावर जळत असेल, तर तिच्या शरीराला तो विणीचा हंगाम वाटतो. तिला १२ ते १४ तास काळोख द्यावा, घरट्याची पेटी आणि आरसा काढावा, घातलेली अंडी मात्र लगेच उचलू नयेत. उचलली की ती भरपाईला आणखी घालते.

देशी पोपटाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाणारा आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. त्याला पाळणं हाच गुन्हा असल्यानं त्याला टरफल किती द्यावं हा प्रश्न उरत नाही. बजी आणि कॉकॅटिएल परदेशी असल्यानं त्यांना ही बंदी लागू नाही. करड्या आफ्रिकन पोपटासारख्या आंतरराष्ट्रीय संरक्षण असलेल्या पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

एकूण हिशेब असा: अंड्यावरच्या मादीसाठी टरफल हा उत्तम, जवळजवळ फुकटचा आणि दुकानातल्या कॅल्शियमच्या ठोकळ्यांच्या तोडीचा पुरवठा आहे. पण त्याचा नंबर तिसरा. आधी रोज थोडा वेळ काचेशिवायचं कोवळं ऊन, सोबत सावलीचा कोपरा. मग राळ्याच्या जोडीला मेथी-शेवग्याचा पाला. त्यानंतर वेगळ्या वाटीत उकळून, वाळवून, कुटलेलं टरफल.

आणि मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल, शेपूट वरखाली हलवत कुंथत असेल, तर तिचं अंडं अडलं आहे. त्या वेळी वाटीतल्या टरफलाचा काही उपयोग नाही. पिंजरा उबदार फडक्यानं झाकून तिला त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासाला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं.